तीन फुटांवरची खिडकी

मी काढलेल्या पहिल्याच घरातून माझे वडील उठून गेले. का गेले, हे कळायला मला सात वर्षं लागली. त्या सात वर्षांत मी लोकांची घरं आतून लावून देणारी बरी डिझायनर झाले आणि घर म्हणजे काय यावर चार ठिकाणी भाषणंही ठोकली. तेव्हा समोर आमच्या गावचं कुणी बसलेलं नव्हतं हे माझं नशीब.

वडिलांना मी दादा म्हणायचे. आमच्याकडे बापाला दादाच म्हणतात. गाव सेनगाव तालुक्यात, पुसेगावहून आत. हिंगोलीची बस फाट्यावर सोडते आणि तिथून पंधरा मिनिटं पायी. दोन्ही अंगाला सोयाबीन नाहीतर तूर, मधे मधे हळदीचे तुकडे, आणि रस्ता इतका सरळ की फाट्यावर उतरलेलं माणूस गावातून दिसतं. दिसतं म्हणजे ठिपका दिसतो. तो ठिपका कोण आहे हे चालीवरून सांगायची आमच्या गावाला खोड आहे.

मी एकुलती. दादांनी मला शिकायला औरंगाबादला धाडलं तेव्हा गावाला समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. 'म्हणजे इंजिनिअर?' 'नाही, आर्किटेक्ट.' 'म्हणजे इंजिनिअरच की!' शेवटी दादांनीच तोडगा काढला. कुणी विचारलं की म्हणायचे, "नकाशे काढती." तेवढ्यावर लोकांचं समाधान व्हायचं, कारण नकाशा म्हटलं की तलाठी आठवतो आणि तलाठ्याला सगळे वचकून असतात.

पुण्यात एका मोठ्या ऑफिसात लागले आणि दुसऱ्याच वर्षी मी गावातलं घर काढायला घेतलं. जुनं घर मातीच्या भिंतींचं, वर पत्रे, समोर ओसरी. त्या ओसरीवर दादांची जागा ठरलेली होती. खांबाला पाठ, एक गुडघा वर, दुसरा पाय आडवा, हातात अडकित्ता. जेवण सोडलं तर त्यांचं सगळं तिथंच चालायचं. मी मात्र त्या वयात होते जेव्हा माणसाला जुनं सगळं पाडावंसं वाटतं. हॉल, दोन खोल्या, उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा, आणि हॉलला रस्त्याच्या बाजूने पाच फूट रुंद काचेची खिडकी. खिडकीची खालची कड, जिला आम्ही सिल म्हणतो, जमिनीपासून तीन फुटांवर. कॉलेजात पहिल्या वर्षी हे आकडे पाढ्यासारखे पाठ करून घेतात आणि त्यानंतर कुणी पुन्हा विचारत नाही की तीनच काहून.

वास्तुशांतीला अख्खं गाव जेवलं. बायकांनी फरशीवरून हात फिरवले, पुरुषांनी भिंतीवर बोटं वाजवून पाहिली. दादा हात मागे बांधून सगळ्या खोल्यांतून पाहुण्यासारखे फिरले आणि म्हणाले, "बराबर हाय." मला एवढ्याने भागणार नव्हतं, पण म्हटलं, बाप आहे, तोंडावर कौतुक कसं करील.

वर्षाच्या आत ते आखाड्यावर राहायला गेले. आखाडा म्हणजे आमचा शेतातला निवारा, चार लाकडं आणि पत्रे, आत एक बाज. "रोही येऊन राहिले, पीक राखावं लागतं," असं त्यांनी मायला सांगितलं. रोही, म्हणजे नीलगायी, दरवर्षी येतात, पण त्यासाठी कुणी बारा महिने शेतात मुक्काम ठोकत नाही. जाताना त्यांनी सोबत एकच गोष्ट नेली, जुन्या घराच्या दाराची सागवानी चौकट. मी ती भंगारात काढली होती. ती त्यांनी आखाड्याच्या भिंतीला टेकवून ठेवली. सकाळी घरी यायचे, अंघोळ करायचे, स्वयंपाकघरात भाकरी खायचे आणि परत. हॉलमध्ये पाय ठेवायचे नाहीत.

गाव काय बोललं असेल ते सांगायला नको. पोरीनं बंगला बांधला आन् बाप आखाड्यावर. हे मला मायने नाही सांगितलं, कुणाच्या तरी लग्नात भेटलेल्या एका लांबच्या आत्याने साखर लावून सांगितलं. मी चिडले. मनात म्हटलं, एवढा राग? ओसरी पाडली म्हणून? मला वाटायचं की त्यांनी मला नापास केलंय. ऑफिसात माझ्या ड्रॉइंगवर सही व्हायची, बिल्डिंगा उभ्या राहायच्या, आणि रोज घरी येताना माझ्या डोक्यात तोच एक शेरा असायचा.

त्याच सुमारास एका तक्रारीसाठी मला आमच्याच ऑफिसने काढलेल्या एका बिल्डिंगमध्ये पाठवलं. पाचव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली होती. दार एका सत्तरीच्या बाईंनी उघडलं. आत गेले तर कपडे धुवायचं मशीन हॉलमध्ये सोफ्याशेजारी, आणि मशीनसाठी ठेवलेल्या चिंचोळ्या बाल्कनीत एक पाट, त्यावर उशी, बाजूला निवडायची मेथी. मी हसू दाबलं. बाई म्हणाल्या, "बसा." त्या बाल्कनीतल्या पाटावर टेकल्या, म्हणून मीही त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. तिथे ऊन येत होतं आणि कठड्याच्या फटीतून खालचं गेट दिसत होतं. नातू शाळेतून आला की त्यांना तिथूनच कळायचं. अख्ख्या घरात जमिनीवर बसून बाहेरचं दिसेल अशी तेवढी एकच जागा होती.

"हे घर तुम्ही काढलंत?" त्यांनी विचारलं.

"आमच्या ऑफिसनं."

"बसून काढलंत की उभ्यानं?"

त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी ओलीचे फोटो काढले, चहा प्यायले आणि निघाले. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. घर आम्ही उभ्यानेही काढत नव्हतो. आम्ही ते वरून काढत होतो, घारीने बघावं तसं. भिंती कुठे, दारं कुठे, गाडी कुठे वळेल. ज्याला तिथे तीस वर्षं बसायचंय त्याचे डोळे कुठे असतील, हे आमच्या एकाही कागदावर नव्हतं.

चार महिन्यांनी मी ऑफिस सोडलं. साहेब म्हणाले, "आर्किटेक्ट होऊन इंटिरिअर करणार? म्हणजे डॉक्टर होऊन कंपाउंडरकी." मी म्हटलं, चालेल, कंपाउंडर निदान पेशंटला हात तरी लावतो. त्या वयात जीभ फार चालायची.

माझी काम करायची एक रीत ठरून गेली. पहिल्या भेटीत टेप काढायची नाही, रंग दाखवायचे नाहीत. घरातल्या प्रत्येकाला म्हणायचं, तुम्ही रोज जिथे बसता तिथे बसा. मग तो उठला की त्याच्या जागी मी बसायचं, त्याच्यासारखंच, आणि त्याला काय दिसतं ते बघायचं. कुणाला बसल्या जागेवरून संडासाचं दार दिसायचं, कुणाला नवऱ्याची पाठ. एका आजोबांना दिवसभर फ्रिजची बाजू दिसत होती. ते वर्षानुवर्षं चिडचिडे म्हणून प्रसिद्ध होते. खुर्ची दोन हात सरकवली आणि आजोबा निम्मे निवळले. लोकांनी मला 'बसणारी बाई' असं नाव पाडलं आणि कामं येत गेली. घर आतून बाहेर काढावं, बाहेरून आत नव्हे, असं मी सांगू लागले. अजूनही मला ते पटतं. फक्त आता सांगताना आवाज जरा खाली येतो.

ऑफिस सोडलं त्याच दिवशी गावी फोन लावला होता. दादा फोनवर फार बोलत नसत. दोन-तीन वर्षांपासून तर फोन कानाला लावला की लगेच मायकडे द्यायचे. त्या दिवशी मी हट्टाने त्यांनाच मागून घेतलं.

"दादा, मी ऑफिस सोडलं. आता बिल्डिंगा न्हाई काढणार. लोकांच्या घरातलं आतलं काम करणार. ऐकून राहिलेत न?"

मी बोलायची थांबले, तसे दादा म्हणाले, "बराबर हाय. घे, मायशी बोल."

त्या 'बराबर'शी मी पुढची पाच वर्षं भांडले. एवढ्या मोठ्या गोष्टीवर एवढंच? माझी खात्री पटली की त्यांनी आता माझ्यावर पाणी सोडलंय. आधी घर बिघडवलं, मग शिक्षण. आपली पोरगी आता पडदे लावते, हे ते फाट्यावरच्या हॉटेलात कसं सांगत असतील, याची मी कल्पना करायचे आणि मलाच लाज वाटायची. मधे माझं लग्न झालं, कामं वाढली. गावी जाणं दिवाळीवर आलं, तेही दोन दिवस. त्यातही बोलणं चालायचं ते मायशीच. दादा भाकरी खाताना मान हलवायचे आणि हात धुऊन शेताकडे लागायचे. मी कामाचं कारण सांगायचे, आणि ते खोटंही नव्हतं. पण खरं कारण हे की तो रिकामा हॉल मला बघवत नसे.

एक गोष्ट तेवढी मला कधी उलगडली नव्हती. फाट्यावर उतरून मी चालू लागले की अर्ध्या वाटेत दादा समोरून यायचे. दरवेळी. माझ्या हातातली बॅग घ्यायचे, खांद्यावर टाकायचे आणि पुढे चालू लागायचे. मला वाटायचं, शेतातून घराकडे जायची त्यांची वेळच ती असेल.

मग त्या वर्षी नांदेडला एक काम निघालं आणि मी फेब्रुवारीतच गावी गेले. हळद निघाली होती. शिजवलेली हळद आखाड्यापुढच्या खळ्यावर वाळत घातली होती आणि दादा तिच्यातून पाय ओढत फिरून ती खालीवर करत होते. मायने किटलीत चहा दिला तो घेऊन मी मागून गेले. "दादा," मी हाक मारली. ते आपले चालतच राहिले. पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या वावरातल्या बाईने वळून पाहिलं. दादा वळले नाहीत. मी त्यांच्यापासून चार पावलांवर होते.

माझी सावली हळदीवर पडली तेव्हा ते थांबले. मान वर करून हसले. "कवा आलीस?" म्हणाले, जसं काही आदल्या दिवशी माझी बॅग दुसऱ्याच कुणी आणली होती. मग किटली बघून, मी केव्हाची मागून हाका मारत असणार हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते ओशाळले. दादांना ओशाळलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मायला मी स्वयंपाकघरातच धरलं. ती ओट्याखाली जमिनीवर बसून कांदा चिरत होती. उभ्याचा ओटा ती भांडी मांडून ठेवायला वापरते, तो आणखी एक धडा.

"कवापासून ऐकू येत न्हाई त्यान्ला?"

"लई सालं झाली," ती म्हणाली. "तुझं घर व्हायच्या आधीपासून कमीच व्हतं. पर ओसरीवरून कोण येऊन राहिलं ते दिसायचं त्यान्ला. लांबूनच या, राम राम म्हणायचे. कुणाला कळलंच न्हाई."

"मंग?"

"मंग ह्या घरात आलो. एकदा शिरड शहापूरचे पाव्हणे आले. दारातून राम राम घातला, दोनदा, तीनदा. हे आत बसलेले. त्यान्ला ना दिसलं ना ऐकू आलं. मी पाणी भरायला गेलते. पाव्हणे तसेच माघारी गेले आन् चार गावात सांगितलं, पोरगी इंजिनिअर झाली तर आता माणसाला ओळख देईना." मायने पदराने डोळे पुसले, कांद्याचं निमित्त होतंच. "लई लागलं त्यान्ला ते. त्या दिवसापासून आखाड्यावर. तिथून अख्खा रस्ता दिसतो न."

"मला काहून न्हाई सांगितलं कुणी?"

"नको म्हणले. बहिरं म्हणलं की लोकं बोलायचंच सोडतेत, म्हणले. आन् लेकराला वाटंल आपल्या घरामुळं तकलीफ झाली."

"आन् फोनवर?"

"नुसती गुणगुण येती म्हणत. तू थांबलीस की बराबर म्हणायचे."

म्हणजे पाच वर्षं मी ज्या शब्दाशी भांडत होते तो माझ्या कुठल्याच बोलण्यावरचा शेरा नव्हता. ऑफिस सोडल्याचं त्यांना ऐकूच आलं नव्हतं. "मी सांगितलं न नंतर," मी तसं बोलून दाखवल्यावर माय म्हणाली. त्यावर ते काय म्हणाले, हे विचारायचा धीर मला झाला नाही. मी उठून हॉलमध्ये गेले.

सोफ्यासमोरच्या भिंतीशी दादांची जागा होती, ते जितके दिवस बसले तितके दिवस. मी तिथे बसले. भिंतीला पाठ, एक गुडघा वर, दुसरा पाय आडवा. हे मी शेकडो अनोळखी माणसांसाठी केलं होतं. समोर माझी पाच फुटी खिडकी होती. तिच्यातून आभाळ दिसत होतं, विजेची एक तार, आणि रस्त्याकडेच्या निंबाचा शेंडा. बस्स. टेप काढली, साइटवर मिस्त्रीला सांगावा तसा आकडा स्वतःशीच मोठ्याने म्हटला: डोळे दोन फूट पाच इंचांवर. खिडकी तीन फुटांवर. सात इंचांच्या भिंतीमागे मी माझ्या बापाला कोंडलं होतं आणि वर त्याच्यावरच रुसले होते. मी तिथे बसून हमसून हमसून रडले. दार सताड उघडं होतं, पण माय आत आली नाही.

त्यांना हिंगोलीला डॉक्टरकडे नेलं. कानाचं मशीन आणलं. दोन दिवस लावलं आणि "सगळाच गलका हाय ह्याच्यात," म्हणून काढून देवळीत ठेवलं. मग मी मिस्त्रीला बोलावलं. घर बांधलं होतं तोच हा मिस्त्री. खिडकीखालची भिंत सव्वा फुटापर्यंत उतरवायची, म्हटल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला.

"बाई, कागदावर तुमच्याच हातचं व्हतं. तीन फूट."

"व्हय."

"तुमचे दादा खाली बसतेत हे मला ठाऊक व्हतं. मी तवाच म्हणणार व्हतो."

"मंग काहून म्हणला न्हाई?"

"शिकलेल्या माणसाला कसं म्हणावं," तो म्हणाला आणि छिन्नी शोधू लागला.

धुरळा उडालेला आखाड्यावरून दिसला असणार. दादा लगबगीने आले आणि भगदाडाकडे बघून चांगलेच तापले. "पाडून काय राहिलीस? चांगलं घर हाय!" मी ओरडून सांगायला लागले, मग थांबले. चुलीतला कोळसा आणला आणि हॉलच्या पांढऱ्या भिंतीवर, जिथे मी कुणाला खिळाही ठोकू दिला नव्हता, काढू लागले. खाली बसलेला माणूस, एक गुडघा वर. त्याच्या डोळ्यापासून निघालेली रेघ, खिडकीच्या कडेला अडलेली. मग दुसरी रेघ, खाली उतरवलेल्या कडेवरून बाहेर जाणारी. निंब, रस्ता आणि रस्त्याच्या टोकाला फाट्यावर उभी असलेली एवढीशी बस. आयुष्यभर नकाशे काढले, पण ज्याच्यासाठी काढला त्यालाच तो वाचता यावा असा हा पहिला.

दादांनी बराच वेळ पाहिलं. मग माझ्या हातातला कोळसा घेतला आणि बसशेजारी एक काडी ओढली. मी हातानेच विचारलं, हे काय?

"रिकामीच बस काढलीस व्हय?" ते म्हणाले. "कुणी उतरंल का न्हाई?"

मग ते आखाड्यावर गेले आणि मिस्त्रीला सोबत घेऊन जुनी चौकट उचलून आणली. अॅल्युमिनिअमच्या काचा नको म्हणाले, ही बसवा. जुनं दार ठेंगणंच होतं, वाकून आत जावं लागायचं, त्यामुळे चौकट बरोबर बसत होती. दोन्ही बाजूंनी थोडं वीटकाम केलं की झालं. पण मिस्त्री अडला. चौकट बसवायची म्हणजे पूजा लागते, पूजेशिवाय चौकट उभी करणारा मिस्त्री आमच्या भागात मिळायचा नाही. मी म्हटलं, अहो, ही खिडकी आहे, दार नाही. खिडकीची कुठे पूजा असते? मिस्त्री दादांकडे बघू लागला. मी हाताने चौकटीकडे दाखवलं, मग नारळ फोडायची खूण केली. दादांना कळलं.

"पूजा लाकडाची न्हाई, येणाऱ्याची असती," ते म्हणाले. "नारळ आण."

तर आमच्याकडे खिडकीची पूजा झाली. नवी वाळलेली हळकुंडं आणि सुपारी पिवळ्या कापडात बांधून वर लावली, आंब्याची डहाळी खोचली. हळद-कुंकू मी लावावं असं दादा म्हणाले. मिस्त्रीला टॉवेल-टोपी दिली. तो टोपी घालून दिवसभर काम करत राहिला आणि गाव येऊन बघून गेलं. एका म्हाताऱ्याने विचारलं, ह्या दारातून जायचं कसं? मिस्त्री म्हणाला, जायचं न्हाई, बघायचं.

चौथ्या दिवशी दादांनी आखाड्यावरची बाज आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा ते हॉलमध्ये बसले होते, चौकटीला खांदा लावून, हातात अडकित्ता. मी रस्त्याने चालत फाट्यापर्यंत गेले. दरवेळी मागे वळून बघू नये असं मी स्वतःला बजावते, पण त्या दिवशी प्रत्येक शेताला वळले. घर लहान होत गेलं, चौकटीतलं पांढरं धोतर मात्र शेवटपर्यंत दिसत होतं.

त्यानंतर दोन हिवाळे ते तिथे बसले. मी त्या दोन वर्षांत पूर्वीच्या सात वर्षांपेक्षा जास्त वेळा गावी गेले, तरी कमीच गेले. अर्ध्या वाटेत बॅग घ्यायला येणं त्यांनी सोडलं नाही. शेवटी शेवटी निंबापर्यंतच यायचे. बोलायचं असलं की मी काढून दाखवायचे. वहीत, जमिनीवर, एकदा तर पिठात. कुणाकुणाची घरं केली, कोण कुठे बसतं, कुणाला काय दिसतं. ते मन लावून बघायचे आणि मधेच बोट ठेवून विचारायचे, हिथं म्हातारी बसती का? गेल्या माघात ते गेले. सकाळचा चहा पिऊन नेहमीच्या जागी बसले होते, मायला वाटलं डोळा लागलाय.

यंदा हळदीच्या दिवसांत मी पुन्हा गेले. शेत आता बटईने, म्हणजे वाट्याने, दिलंय. फाट्यावरून चालत निघाले, आणि निंबापर्यंत आले तरी बॅग माझ्याच हातात होती. तिचं वजन मला आधी कधी कळलं नव्हतं. घरी रंगारी आला होता, मायने वर्षश्राद्धाआधी घर रंगवायला काढलं होतं. चौकटीशेजारी भिंतीवर दादांच्या डोक्याचा तेलकट डाग पडला होता. लोकांच्या भिंतीवरचा असा डाग मी एका दिवसात घालवून देते. "हे तेवढं सोडा," मी रंगाऱ्याला म्हटलं. त्याने सोबतच्या पोराला खूण केली, की बाई जरा तशाच आहेत. कोळशाचं चित्र दादांनी कधी पुसू दिलं नव्हतं. तेही सोडायला सांगितलं.

दुपारी माय आणि मी तिथेच खाली बसून शेंगा फोडत होतो. जो प्रश्न मी तीन वर्षं तोंडात धरून ठेवला होता तो तेव्हा निघाला.

"माय, मी ऑफिस सोडल्याचं तू दादान्ला सांगितलं तवा ते काय म्हणले?"

"कवा?"

"मी आर्किटेक्टचं सोडून आतलं काम करते म्हणलं होतं, फोनवर."

मायला आठवायला वेळ लागला. तिच्या लेखी ती काही मोठी गोष्ट नव्हती. "हां, तवा," ती म्हणाली. "कागदावर लिहून दाखवलं मी त्यान्ला. वाचलं. मंग म्हणले, ह्या नव्या कामात सुटी जास्त मिळती का तिला, इचार."

"तू इचारलं न्हाईस."

"इचारणारच व्हते. तू कामात राहायची."

तिने शेंगांचं सूप उचललं आणि टरफलं पाखडायला अंगणात गेली. मी त्यांच्या जागी सरकले. भिंतीवरच्या डागाला डोकं टेकलं, एक गुडघा वर घेतला. समोर निंब, मग रस्ता, दोन्ही बाजूंनी कापलेली रानं, आणि टोकाला फाटा. दुपारची हिंगोलीची बस येऊन थांबली. मी चौकटीला धरून पुढे वाकले आणि कोण उतरतंय ते बघत राहिले.